आधी लेबल, मग प्रार्थना

९ फेब्रुवारी, सोमवार

नळ आला नाही. कालही नव्हता. शेजारच्या मालूताईंकडून दोन बादल्या आणल्या. बी.पी. १४८/९०. मीठ सोडायला हवं, सोडवत नाही.

पास्टर सकाळी येऊन गेले. ईस्टरआधीच्या उपवासकाळात सहा गुरुवार महिला संगतीचा अभ्यास असतो, यंदा तो मी घ्यावा म्हणतात. विषय त्यांनीच ठरवलाय: परमेश्वर सार्वभौम आहे, सगळं त्याच्या हातात आहे, तर जगात वाईट कुठून येतं? मी म्हटलं, हे तुम्ही शिकून आलात, तुम्हीच सांगा. तर म्हणे, "सिस्टर जी, मैंने किताब में पढ़ा है, आपने वार्ड में देखा है." पोरगा बोलायला गोड आहे. वयाने माझ्या मुलापेक्षा, विजयपेक्षाही लहान. चौतीस वर्षं नर्स होते म्हणून मरणाचं कोडं मला सुटलंय असं सगळ्यांना वाटतं.

हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पास्टरांनी चार पानं दिलीत, हिंदीतली. मी आधी मराठीत उतरवून घेतेय. इथे देवासला उपासना हिंदीत, गाणी हिंदीत, भांडणंसुद्धा हिंदीत. आजोबा नगरकडून इकडे मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून आले, त्यांची मराठी आता या वहीत आणि माझ्या सकाळच्या प्रार्थनेत उरलीय. विजय पुण्यात राहून फोनवर हिंदी बोलतो!

पानांचा सारांश असा. काही घडतं ते देव घडवतो. किंवा घडवत नाही, घडू देतो, कारण माणसाला त्याने मोकळं सोडलंय. आणि दोन्ही खरं धरलं तरी शेवटी तो वाइटातून चांगलं काढतो. वाचायला बरं वाटतं. रुग्णाच्या आईसमोर उभं राहून हे वाचून दाखवा म्हणावं.

१५ फेब्रुवारी, रविवार

उपासनेला नवी बाई. सरिता, सरकारी शाळेत शिक्षिका, बदली होऊन देवासला आलीय. आठवा महिना लागेल आता. नवरा महेश कन्नौदला मंडीत नोकरीला, शनिवार-रविवार येतो. सासर तिकडेच.

उपासनेनंतर पास्टरांनी कौतुकाने माझ्यासमोर आणून उभी केली. "सिस्टर जी, ये भी डही तरफ की हैं. आपके अस्पताल वाली."

डहीच्या मिशनच्या दवाखान्यात मी पूर्वी नर्स होते ना. कुठलं गाव विचारलं. तिने सांगितलं. मग आपणहून म्हणाली, "वहीं अस्पताल में पैदा हुई थी मैं. मम्मी वहीं खत्म हुई, मेरे होने के तीसरे दिन."

मी म्हटलं, "चहा घेणार का?"

घरी येऊन डाळ लावली ती करपली.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तीच आहे. दुसरी असूच शकत नाही. मी तिथे होते तेवढ्या वर्षांत बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी गेलेली एकच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला अभ्यास. चौदा बायका. मी पास्टरांच्या कागदातलं वाचून दाखवलं, मधे मधे वॉर्डमधल्या गोष्टी घातल्या. सगळ्यांना आवडलं. सरिता पुढच्या खुर्चीत बसली होती, जमिनीवर बसवत नाही म्हणून. वहीत लिहून घेत होती. शिक्षिका ना.

तिच्याकडे पाहायचं टाळलं. तरी हनुवटी दिसलीच. आईचीच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

लिहून टाकते. रात्रभर डोक्यात फिरतंय, दुपारी तरी झोप येईल.

एकतीस वर्षं झाली. डहीच्या बाजूला आमचा मिशनचा दवाखाना, बारा खाटा, कधीच बंद झाला तो. रमली, पहिलटकरीण. बाळंतपण अगदी सरळ. मुलगी झाली, लगेच रडली. तिसऱ्या दिवशी दुपारी घरी जायची होती, अँपिसिलिनचा शेवटचा डोस राहिला होता. बाटलीतली पूड डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची आणि शिरेतून द्यायची. ट्रेमध्ये पाण्याच्या काचेच्या कुप्या. पोटॅशियमच्या कुप्याही तेवढ्याच आकाराच्या आणि आतलं औषधही पाण्यासारखंच, पण ते असं सरळ शिरेत गेलं तर हृदय थांबतं. ती कुपी त्या ट्रेमध्ये असायलाच नको होती. कुणी ठेवली ते कधी कळलं नाही. पण कुपीवर नाव होतं आणि ते वाचायचं काम माझं होतं.

दवाखान्याची एक रीत होती, मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे आमच्या मेट्रननी घालून दिलेली. सुई देण्याआधी एक हात रुग्णाच्या डोक्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि एका ओळीची प्रार्थना करायची. आदिवासी बायकांना सुईची भीती वाटायची, त्यांना त्याने धीर यायचा. औषध भरून झालं की कुपी पुन्हा डोळ्यांसमोर धरून नाव वाचायचं, हेही आम्हाला शिकवलेलं होतं. त्या दुपारी मी कुपी फोडली, औषध भरलं, आणि दुसऱ्यांदा नाव वाचायच्या वेळी डोळे मिटले. प्रार्थना केली. मनापासून केली.

हात जळतो म्हणाली. मी म्हटलं, थोडं जळतं, आत्ता थांबेल. दोन-तीन मिनिटांत संपलं. छाती दाबत राहिले, बोटं दुखेपर्यंत. डॉक्टर निसरपूरला शिबिराला गेले होते.

मग ट्रे पाहिला.

मोठ्या सिस्टरांना कुपी दाखवली. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, एप्रनच्या खिशात टाकली. म्हणाल्या, "मंदा, त्याच्या इच्छेबाहेर काही घडत नाही. हात धू आणि बाळाला दूध पाज." रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, बाळंतपणानंतर अकस्मात. त्याखाली आम्ही प्रत्येक मरणाला लिहायचो तेच, 'प्रभूच्या इच्छेने'. अक्षर माझं. रमलीच्या नवऱ्याला तेच सांगितलं. त्याने माझ्यापुढे हात जोडले. हे मला मरेपर्यंत विसरता येणार नाही.

त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक मुलीला मी बजावत आले, आधी लेबल, मग प्रार्थना. पुढे वॉर्डच्या भिंतीवर ते रंगवून घेतलं. पाहुणे यायचे, वाक्याचं कौतुक करायचे. का, ते कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. यांनासुद्धा नाही, आणि हे जाऊनही आता नऊ वर्षं झाली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

लिहिलं तरी झोप नाहीच. नळ आला, भांडी भरली.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आज ती बोलली. सगळ्यांसमोर.

"सिस्टर जी, मेरी मम्मी बीस साल की थी. उसने किसी का क्या बिगाड़ा था? हॉस्टल में सबने मुझे बताया, प्रभु की इच्छा थी. मैं बचपन से उससे नाराज़ हूँ. चर्च आती हूँ, गाती हूँ, पर नाराज़ हूँ. आप बताइए, उसने क्यों लिया?"

तेरा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मी काय म्हणावं? म्हटलं, "बेटा, उसकी इच्छा हम नहीं समझ सकते."

शी.

तिने मान खाली घातली आणि हेही वहीत लिहून घेतलं.

१ मार्च, रविवार

उपासनेला गेले नाही. गुडघ्याचं निमित्त.

सकाळपासून एकच विचार. एकतीस वर्षं मी 'प्रभूच्या इच्छेने' या वाक्याखाली सुखाने राहिले. नवरा गेला तेव्हा तेच वाक्य मला लोकांनी म्हटलं, मी मान डोलावली. विश्वास म्हणून डोलावली असं वाटायचं. आता वाटतं, ते वाक्य खोटं ठरलं असतं तर रमलीचं काय ते मला स्वतःलाच विचारावं लागलं असतं, म्हणून डोलावली.

वॉर्डच्या भाषेत मांडून बघते. डॉक्टर कागदावर ऑर्डर लिहितात, नर्स ती पाळते. त्या कागदावर पोटॅशियम नव्हतं. मी जे दिलं ते कुणीच लिहिलेलं नव्हतं, देवानेही नाही. माझ्या चुकीवर मी त्याची सही करून टाकली.

इथपर्यंत ठीक. पण पुढे? त्या दुपारी डॉक्टर गावाला गेले होते. परमेश्वर तर गेला नव्हता. खाटेपाशीच होता, मी त्यालाच हाक मारत होते. मग माझे डोळे उघडायला त्याला काय झालं होतं?

याचं उत्तर पास्टरांच्या चार पानांत नाही. तीनदा वाचली.

५ मार्च, गुरुवार

तिसरा अभ्यास. वधस्तंभावर. मला वाटलं नव्हतं मी बोलू शकेन, पण बोलले. म्हटलं, त्याला खिळलं ते माणसांनी, आणि आपण शिकवतो की तेच देवाच्या योजनेत होतं. मान्य. पण म्हणून खिळे ठोकणाऱ्यांचे हात स्वच्छ झाले असं कुणी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, ते मला कळत नाही. पण एक सांगून दुसरी लपवणं हे खोटं.

शेवटी एक बाई म्हणाली, "सिस्टर जी, आज समझ में कम आया." बरोबर आहे.

सरिता आली नव्हती. शाळेत परीक्षा.

८ मार्च, रविवार

रंगपंचमी. रस्त्यावर दुपारपर्यंत धुमाकूळ, भियालोकांचा, म्हणजे गल्लीतल्या पोरांचा डीजे, सगळी गल्ली गुलाबी. मालूताई मागच्या दाराने आल्या, गालाला बोटभर गुलाल लावून गेल्या. त्यांच्या सासरचे संस्थानच्या काळी दरबारच्या दप्तरात होते, अजून 'आमच्या सरकारवाड्यात' असं बोलतात. मला मात्र कधी परकं मानलं नाही.

सहज म्हणून विचारलं, एखादी बाई दुसऱ्याच्या चुकीने मेली तर तुमच्यात काय म्हणतात? लगेच म्हणाल्या, "अहो, भोग असतात ज्याचे त्याचे. मागल्या जन्मीचं काही राहिलं असेल तिचं."

म्हणजे त्यांच्याकडे दोष रमलीचा, आमच्याकडे मर्जी देवाची. मी दोन्हीकडून सुटलेच. मी म्हटलं, आणि चूक करणारीचं? मालूताई म्हणाल्या, "तिचं ती बघेल. तुम्ही कशाला बी.पी. वाढवताय मंदाताई?"

१२ मार्च, गुरुवार

वाईट दिवस.

अभ्यास संपल्यावर सरिता थांबली. पुढच्या आठवड्यात रजा टाकून कन्नौदला जातेय, सासरी. बाळंतपण घरीच, तिथली दाई करेल. सासूची सातही बाळंतपणं घरीच झालीत म्हणे. मी म्हटलं, अगं वेडी का, इथे जिल्हा रुग्णालय पंधरा मिनिटांवर आहे. पाय बघितले तिचे, सूज आहे. बी.पी. किती? माहीत नाही! दोन महिने झाले तपासून. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, आई कशाने गेली? तिला सांगता येईना. तेव्हापासून तिकडे गेलीच नाही.

मी खूप बोलले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मम्मी अस्पताल में थी, फिर भी गई. जो उसने ठहराया है वो घर में भी होगा, अस्पताल में भी. आपने ही तो सिखाया, सिस्टर जी."

बाळाचं नाव ठरवून ठेवलंय. आपल्यामागे त्याला कुणी सांभाळायचं तेही कागदावर लिहून महेशकडे दिलंय. आपल्या आईच्या अंगात जे होतं तेच आपल्यात आलंय असं तिला पक्कं वाटतं.

तिच्या आईच्या अंगात काहीही नव्हतं. पल्स ७८, बी.पी. ११०/७०. चार्ट मीच भरला होता.

१३ मार्च, शुक्रवार

पास्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. मधे एकदा त्यांची बायको पाणी ठेवून गेली तेवढाच खंड. ऐकून ते रडले, मी नाही. मग माझ्यासाठी प्रार्थना केली, चांगली केली.

मी म्हटलं, तिला सांगणार आहे. तर एकदम घाबरले. "अभी मत बताइए. डिलीवरी हो जाने दीजिए. उसको सदमा लगा तो? महेश गरम दिमाग का है. और प्रभु ने तो आपको कब का माफ़ कर दिया, सिस्टर जी."

मी म्हटलं, "प्रभूने केलं असेल. पण मेली ती त्याची आई नव्हती."

तोंडातून गेलं. देवाने ऐकलंच असेल, ऐकू दे. पास्टरांचंही खोटं नाही. आठव्या महिन्यात असलं काही ऐकवू नये, हे मीच शिकवलंय मुलींना. पण न सांगता ती कन्नौदला गेली आणि पायावरची सूज डोक्यात गेली, झटके आले, तर? मग पुन्हा कुणीतरी लिहील, प्रभूच्या इच्छेने.

१५ मार्च, रविवार

उपासनेला ती होती, महेशही. आता सांगू, मग सांगू करत राहिले. प्रभुभोजनाच्या वेळी प्याला माझ्याकडे आला तो पुढे सरकवला, प्यायले नाही, पाप मनात दडवून तो पिऊ नये. पास्टरांनी पाहिलं.

भ्याले, एवढंच. सिस्टर जी, सिस्टर जी म्हणत लोक खुर्ची पुढे करतात, त्याची सवय झालीय. ती खुर्ची जाईल याची भीती. एका आयुष्याशी तोलून बघितलं तर लाज वाटते, पण भीती आहे ती आहे.

१७ मार्च, मंगळवार

सांगितलं.

शाळा सुटायच्या वेळी तिच्या खोलीवर गेले. बी.पी.चं यंत्र घेऊन. आधी बी.पी. घेतलं, १४६/९६. मग सामानाची बॅग भरलेली दिसली. उद्या सकाळच्या बसने निघणार होती.

म्हटलं, बस. तुझ्या आईचं सांगते. बाळंतपण नीट झालं होतं. रक्त गेलं नाही, ताप नाही, झटके नाहीत. तुझ्या अंगात तिच्याकडून काही वाईट आलेलं नाही. तिला चुकीचं औषध गेलं. ते देवाच्या इच्छेने नव्हतं. कुपीवरचं नाव वाचायला हवं होतं, ते वाचलं गेलं नाही.

ती म्हणाली, "किसने दिया?"

म्हटलं, "मैंने."

खाली कुणीतरी भांडी घासत होतं. मग ती म्हणाली, "आप जाइए." आवाज चढवला नाही. मी म्हटलं, जाते, पण कन्नौदला जाऊ नकोस, हे बी.पी. वाढलेलं आहे, उद्याच दाखव, माझं नाव मनातून काढून टाक पण दाखव. ती पुन्हा म्हणाली, "आप जाइए ना."

यंत्र तिथेच विसरले. घरी चालत आले, रिक्षा करायचं सुचलं नाही.

तिच्यावर काय कोसळलं असेल ते मला कळतं. आणि तरी, खरं लिहायचं तर, खूप वर्षांनी आज भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या. त्याचीही लाज वाटली.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. मालूताईंची गुढी, श्रीखंडाची वाटी.

आजचा अभ्यास पास्टरांनी घेतला. मी मागे बसले. सरिता नाही. कन्नौदला गेली का, कुणाला विचारायचं? पास्टरांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही, फोन उचलत नाही म्हणाले. तिला सांगून टाकलं म्हटल्यावर माझ्यावर रागावले नाहीत, पण 'सिस्टर जी' म्हणताना अडखळले.

२० मार्च, शुक्रवार

शाळेपर्यंत जाऊन आले. फाटकाबाहेरून परत.

२२ मार्च, रविवार

सकाळी उपासनेच्या आधी महेश आला. आत या म्हटलं, आला नाही. बी.पी.चं यंत्र उंबऱ्यावर ठेवलं.

"आपने उसकी माँ को मारा, और तीस साल भजन गाती रहीं?"

मी म्हटलं, हो.

त्याला वाटलं असेल मी काही बोलेन, रडेन. मग दुसरीकडे बघत म्हणाला, "कन्नौद नहीं गई वो. बुधवार को खुद जाके दिखा आई. गोली चालू है, भर्ती की तारीख दी है. माँ से मेरी भी लड़ाई हो गई इसमें." मग पुन्हा आठवल्यासारखं, "आप हमारे घर मत आना."

येणार नाही म्हटलं. शेजारच्या गच्चीवरून मालूताई बघत होत्या. महेश गेल्यावर खाली आल्या, काय झालं? सांगितलं. सगळं. म्हटलं, त्या दिवशी विचारलं होतं ना तुम्हाला, ती चूक करणारी मीच. त्या पदराचं टोक चाळवत बसल्या. मग म्हणाल्या, "मी आपली बोलून गेले हो भोगाबिगाचं. त्या मुलीच्या तोंडावर मला नसतं बोलवलं." आणि दुपारी डबा पाठवला.

उपासनेला गेले. मागच्या बाकावर.

२६ मार्च, गुरुवार

शेवटचा अभ्यास. पास्टर म्हणाले, समारोपाला दोन शब्द तुम्ही बोला. मी उभी राहिले आणि बायकांना सांगितलं की दुसऱ्या गुरुवारी मी एक उत्तर दिलं होतं ते मागे घेते. त्याची इच्छा आपल्याला समजत नाही हे खरं. पण जिथे माणसाचा हात दिसतो तिथे आधी तो हात बघायचा. देवाचं नाव त्याच्यावर पांघरूण म्हणून घालायचं नाही. मी घातलं होतं. कुणाच्या बाबतीत, ते आज सांगत नाही, तिची परवानगी नाही.

पण तो सर्वसत्ताधीश आहे की नाही? हेही एकीने विचारलंच. म्हटलं, आहे असं मी मानते. तो सगळ्या वाइटातून चांगलं करतो असंही मानते. फक्त ते चांगलं झाल्याचं प्रमाणपत्र माझ्या हाताने मी लिहायचं नाही. ज्याचं गेलं त्याने लिहावं, वाटलं तर.

बी.पी. १५६/९४. गोळी वाढवावी लागणार.

३१ मार्च, मंगळवार

दुपारी दोन वाजता दार वाजलं. सरिता. एकटी, रिक्षाने आली होती. दारापुढच्या पायऱ्या चढून धापा टाकत होती. खुर्ची दिली, पाणी दिलं.

ती म्हणाली, "माफ़ी-वाफ़ी की बात मत करना. मैं उसके लिए नहीं आई." मग, "मम्मी दिखती कैसी थी? हमारे पास फोटो नहीं है. पापा कुछ बताते नहीं थे."

मग मी सांगितलं. बुटकी होती. हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले. केस इतके दाट की वेणी घालून द्यायला आम्हाला दोघी लागायच्या. वॉर्डची डाळ पाणचट म्हणून पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात जाऊन भांडली, लाल मिरची मागून घेतली. तुला पाळण्यात ठेवू दिलं नाही. कुशीतच. मी उचलायला गेले की माझा हात बाजूला सारायची. तिसऱ्या दिवशी सकाळी न्हाली, कपाळाला टिकली लावली, घरी जायचं म्हणून. बांगड्या मोजून बघत होती.

एकतीस वर्षं मी त्या दुपारची दोन-तीन मिनिटंच धरून बसले होते. आधीचे तीन दिवसही माझ्याकडे होते, हे मला आजच समजलं. त्या बाईला शेवटचं पाहिलेली, सांगू शकणारी, आता मीच उरलेय.

मिरचीच्या गोष्टीला सरिता हसली. मग रडायला लागली. मी जागची हलले नाही.

मग विचारलं, "तकलीफ़ हुई थी उसको?"

खोटं बोलायचं ठरवलं असतं तर आत्ताच. म्हटलं, हो. हात जळतो म्हणाली. मी म्हटलं, थांबेल. फार वेळ नाही.

तिने स्वतःच्या हाताची शीर दाबून धरली. मग म्हणाली, "उसने करवाया, कि आपने किया?"

म्हटलं, "मैंने किया. वो वहीं था. रोका क्यों नहीं, मुझे नहीं मालूम. अब भी पूछती हूँ उससे."

"कुछ बोलता है?"

"नहीं."

"मुझसे भी नहीं बोलता," म्हणाली. या एका बाबतीत आम्ही दोघी सारख्या निघालो.

जाता जाता पर्समधून कागद काढला. सहा एप्रिलला भरती व्हायचंय. महेशला सुट्टी मिळेल न मिळेल, सासू येत नाही म्हणालीय. कागद माझ्यापुढे धरून म्हणाली, "आप आना. सुई आपके हाथ से नहीं लूँगी. बस, बैठना."

मी हो म्हटलं. महेश काय म्हणेल विचारलं, तर म्हणाली, "वो मैं देख लूँगी."

उठताना तिला आधार म्हणून हात पुढे केला. तो तिने धरला नाही. खुर्चीला धरून उठली.